सायकल एक, नवी

लग्नात सासऱ्यांनी मला जी नवी सायकल दिली, ती नवी नव्हती. ही गोष्ट माझ्या सासुरवाडीला, देवणीत, सगळ्यांना माहीत होती. माझ्या बायकोला तर होतीच. लातुरात आमच्या खोलीसमोर पंक्चर काढणारे एक म्हातारे होते, त्यांनाही ती पहिल्याच दिवशी कळली असणार, कारण सायकल बघून झाल्यावर ते माझ्याकडे बघून हसले होते. माहीत नव्हती ती फक्त मला. मला ती कळू नये, कळली तर वडिलांची मान खाली जाईल, म्हणून माझी बायको चार महिने नाना युक्त्या करत होती आणि मी तिला हट्टी म्हणत होतो.

मी मूळचा नांदेडचा. गोदावरीकाठी वाढल्यामुळे अंघोळीला दोन बादल्या आणि बाहेरून आल्यावर पायांवर तिसरी, ही माझी रीत. लातूर नवा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्यांना कारकून लागले, त्यात माझीही वर्णी लागली. जिल्हा होऊन दोन पावसाळे झाले होते, म्हणजे कॅलेंडरात झाले होते. नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं, मधल्या दिवसांत टँकर. लग्न होऊन बायको आली आणि तिनं पहिल्याच आठवड्यात माझी अंघोळ एका तांब्यावर आणून ठेवली. पायांवरच्या बादलीचं नाव काढलं तेव्हा ती नुसती माझ्या पायांकडे बघत राहिली.

सायकलीचं मूळ आमच्या याद्यांच्या बैठकीत होतं. कोणी काय द्यायचं ते लिहून काढताना 'सायकल एक' असं लिहून झालं होतं. तेवढ्यात माझ्या थोरल्या चुलत्यांनी लिहिणाऱ्याचा हात धरला आणि पुढे 'नवी' हा शब्द घालायला लावला. मी शेजारीच मान खाली घालून बसलो होतो. मंडळींना वाटलं, नवरदेव लाजतोय. खरं सांगायचं तर मला नवी सायकल पाहिजेच होती, म्हणून मी गप्प होतो. सासरे गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, लस टोचताना जनावर धरायचं, असं त्यांचं काम. बोलणं अगदी बेताचं. त्या शब्दावर त्यांनी "हाव" म्हणून होकार दिला आणि सुपारी फुटली.

सायकल आली ती काळी कुळकुळीत, नव्या टायरांची, नव्या सीटकव्हरची. पण तिच्या अंगावर स्टिकर किती असावेत? पुढच्या मडगार्डवर दोन पोपट. हँडलखाली वाघाचं तोंड. खालच्या दांडीवर गुलाबांची रांग, मागं 'गुडलक' आणि हातात हात घातलेले दोन पंजे. साखळीच्या कव्हरवर एक नटी, तिचा एक डोळा स्क्रूच्या खाली गेलेला. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे वरच्या दांडीवर, अगदी माझ्या दोन गुडघ्यांच्या मधे, हातभर लांब सरकारी स्टिकर : 'फऱ्या, घटसर्प टाळा. जनावरांना वेळीच लस टोचा.'

कचेरीत माझं काय झालं असेल ते सांगायला नको. मी सायकल लावली की हेडक्लार्क चष्म्यावरून बघत विचारायचे, "टोचून आलात?" शिपायांनी तर शिस्तच लावली होती. मी व्हरांड्यातून गेलो की एक जण हळूच हंबरायचा. नव्या जिल्ह्याचा नवा कारकून, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि हे असं. मी घरी येऊन जाहीर केलं की येत्या रविवारी सगळे स्टिकर काढून टाकणार.

"राहू द्या की," बायको म्हणाली. "बरे दिसून राहिलेत."

"हे बरे दिसतात?"

"सायकल चोरीला जानार न्हाई. कोन नेईल असली?"

हा मुद्दा बिनतोड होता, पण मी ऐकलं नाही. रविवारी गरम पाणी मागितलं. गरम पाण्याचा फडका ठेवला की गोंद सुटतो, एवढं ज्ञान मला होतं. तिनं घागरीत हात घालून पाणी कुठवर आहे ते मला दाखवलं आणि म्हणाली, "ह्यात सैपाक करू का तुमच्या पोपटाला अंघोळ घालू?" मग मी नखांनी सुरुवात केली. दोन तासांत एक पोपट गेला आणि दोन नखं गेली.

पुढच्या रविवारी मी रॉकेल शोधलं, तर डबा सापडेना. तो धान्याच्या कणगीमागं, पोत्याखाली होता हे मला फार पुढे कळलं. मग मी करडईच्या तेलाची बाटली उचलली. तेल लावून उन्हात तासभर मुरू द्यायचं आणि बांबूच्या कामटीनं खरवडायचं, हा उपाय मला पंक्चरवाल्या म्हाताऱ्यांनी सांगितला होता. बायकोनं बाटली हातातून काढून घेतली, त्यातलं मोजून एक पळीभर वाटीत ओतलं आणि उरलेली बाटली घेऊन शेजारणीकडे जाऊन बसली. त्या पळीभर तेलात वाघ गेला, गुलाब गेले. प्लास्टिकचे होते, सालीसारखे अख्खे निघाले. पण खाली गोंद राहिला आणि त्याला लातूरची धूळ बसली. आता सायकल खरूज झाल्यासारखी दिसत होती. सोमवारी हेडक्लार्क म्हणाले, "लस लागू पडलेली दिसत नाही."

त्या गोंदासाठी मात्र बायकोनंच तोड काढली. ज्वारीचा कोंडा चिमटीत घेऊन त्यावर घासला की गोंदाच्या वळ्या होऊन गळून पडतात. ती स्वतः माझ्याशेजारी बसून घासू लागली, तेव्हा मला वाटलं, आली वाटेवर. आता कळतं की ती फक्त वरच्या दांडीपासून मला दूर ठेवत होती. मी त्या बाजूला सरकलो की म्हणायची, "हितं राहिलं बघा, हितं." दोन रविवार तिनं मला मागच्या मडगार्डवर अडकवून ठेवलं. 'गुडलक', पंजे, उरलेला पोपट आणि नटीही गेली. उरला तो फक्त घटसर्प.

हा कागदी होता. सरकारी कागद आणि सरकारी खळ. तेल पिऊन तो नुसता पारदर्शक झाला, अक्षरं आणखीच ठळक दिसू लागली. त्या दिवसांत कचेरीच्या व्हरांड्यात एक पेंटर बसलेला असे. जुन्या जिल्ह्याचे बोर्ड आले की 'उस्मानाबाद' पुसायचं आणि 'लातूर' लिहायचं, हे त्याचं काम. बोर्ड संपत नव्हते आणि त्यालाही संपवायची घाई नव्हती. मी त्याला माझं गाऱ्हाणं सांगितलं.

"थिनर न्या," तो म्हणाला. "अख्खा जिल्हा निघून राहिला त्यानं, स्टिकर काय चीज हाय?"

त्यानं औषधाच्या बाटलीत बोटभर थिनर दिलं. रविवारी बायको टँकरला गेली. रांग मोठी होती, म्हणजे मला निदान दीड तास होता. मी दार लोटून घेतलं, चिंध्या जमवल्या आणि कामाला लागलो. पाच मिनिटांत लस गेली, घटसर्प गेला, फऱ्या गेला. मी खूश होऊन खालचा गोंद पुसायला आणखी जोर लावला, तर चिंधी काळी झाली. मी परत पुसलं. काळा रंग चिंधीवर येत होता आणि खालून पिवळं काहीतरी वर येत होतं. उजव्या टोकाला आधी निघालं 'उस्मानाबाद'. मला हसू आलं. म्हटलं, हा पेंटर मला घरी येऊन चिडवतोय की काय? मग निघालं 'जि.'. मग 'ता. उदगीर'. मग 'मु. देवणी'. शेवटी डाव्या टोकाला, छान वळणदार अक्षरात, माझ्या सासऱ्यांचं नाव.

मी चिंधी हातात घेऊन बसून राहिलो. सायकलीच्या दुकानात गिऱ्हाइकाचं नाव टाकून देतात का, असाही एक विचार येऊन गेला. इतका मूर्ख मी होतो. पण जुना जिल्हा? तो जाऊन दोन वर्षं झाली होती. मग एकेक गोष्ट दिसायला लागली. दांडीवर ब्रशनं मारलेला रंग, त्यात अडकलेला ब्रशचा केस. वाघाच्या जागी पोचा. गुलाबांच्या जागी वेल्डिंगचा जोड. प्रत्येक स्टिकरखाली काहीतरी होतं. मी पाच रविवार खपून ते सगळं उघडं पाडलं होतं आणि मला ते दिसलंही नव्हतं, कारण मी फक्त गोंद बघत होतो.

बायको कमरेवर घागर घेऊन आत आली. दांडी बघितली. घागर हिंदकळू न देता खाली ठेवली आणि उंबऱ्यावर बसली.

"वाचलं?" तिनं विचारलं.

"वाचलं."

"अप्पा नवी घ्यायलाच निघाले होते," ती म्हणाली. "पन ह्या साली गाईला कडबा घ्यावा लागला. गाय इकवंना त्यांच्यानं. मग म्हनले, यादीत नवी लिवलंय, तर हीच नवी करतो. रंग त्यांनी मारला. नाव काही झाकंना, उठून दिसाया लागलं. मग दवाखान्यात पडलेला तो कागुद आनला. गुलाबं मी लावली."

"मग मामा आता कशावर जातात?"

"चालत," ती म्हणाली.

त्या वर्षी दुष्काळामुळं जनावरांची छावणी पडली होती. दवाखान्यापासून दोन कोस. सासऱ्यांची तिथं रोजची फेरी असायची. पन्नाशी उलटलेला माणूस, खांद्याला औषधांची पिशवी, उन्हातून दोन कोस जायचं आणि दोन कोस यायचं. आणि माझी कचेरी खोलीपासून हाकेच्या अंतरावर होती. मी सायकल नेत होतो ती व्हरांड्यात लावायला. मला स्वतःची लाज वाटली. चुलत्यांवर राग काढून बघितला, पण तो टिकला नाही, कारण शेजारी मान खाली घालून मीच बसलो होतो.

मी म्हणालो, "उद्याच नेऊन देतो."

आता बायको खरंच चिडली. "आन् काय सांगनार? तुमचं खोटं उघडं पडलं म्हनून? अप्पाला कळलं ना, तुम्हाला हे माहीत झालंय, तर ते ह्या घराची पायरी चढनार न्हाईत. मी वळखते त्यांना. लेकीला दिलेली वस्तू ते परत घेनार न्हाईत, मेले तरी."

आणि ते आठ दिवसांनी येणारच होते. दोन महिन्यांतून एकदा लातूरहून लस न्यायला यायचे आणि लेकीकडे तासभर टेकायचे. झालं, जी सायकल सोलायला पाच रविवार लागले, ती परत झाकायला माझ्याकडे एक आठवडा होता. पेंटरनं दोन बोर्डांच्या मधे दांडीला काळा हात मारून दिला आणि "स्टिकर काढायला दिलं होतं, कातडं कशाला काढलं?" असं विचारलं. गंजगोलाईच्या बाजारात पोपट मिळाले, पण एकमेकांकडे पाठ केलेले. गुलाब आणि पंजे मिळाले. वाघाऐवजी सिंह घ्यावा लागला. नटी तर आता दुसरीच चालू होती. ज्या पोरकट चित्रांचा मला इतका तिटकारा होता, तीच मी दुकानदाराला "याहून भडक नाही का?" असं विचारून निवडत होतो.

राहिला घटसर्प. तो बाजारात मिळणारा नव्हता. मी मधल्या सुट्टीत लातूरच्या गुरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या कारकुनानं माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघून विचारलं, "जनावरं किती?"

"एक."

"लस दिली का?"

"निघून गेली," मी म्हणालो. "म्हणजे परत द्यायची आहे."

त्यानं स्टिकर दिला आणि टोचल्यावर चार दिवस जुंपू नका असं बजावलं.

सायकल झाकली गेली, पण माझ्या जिवाला चैन पडेना. झाकली म्हणजे सासरे चालतच राहणार. सांगितलं तर ते तुटणार. शनिवारी बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही रुसा."

"काय?"

"लग्नात जावई रुसतो. त्याचा मानच असतो तो. तुम्ही तवा रुसलाच न्हाईत."

हे खरं होतं. लग्नात मी रुसावं अशी आमच्याकडच्यांची फार इच्छा होती, पण पंगतीत गरम भजी आली आणि मी विसरलो. बायकोचं म्हणणं, तो मान अजून शिल्लक आहे. जावई सायकलीवर रुसला, दुरुस्त करून पाहिजे म्हणून अडून बसला, तर सासऱ्याला ती न्यावीच लागते. देणाऱ्याची वस्तू देणाऱ्याकडेच दुरुस्तीला जाते, यात कमीपणा नाही. आणि दुरुस्तीला किती दिवस लागावेत, याचा कायदा कुठं आहे?

सासरे रविवारी सकाळी आले. हातात लसीचा थर्मास, त्यात बर्फ, म्हणजे दुपारची गाडी गाठायलाच पाहिजे. त्यांच्या चपलांचे अंगठे नवीन शिवलेले दिसले आणि मी रुसायचं सोडून पाण्याचा तांब्या पुढे केला. बायकोनं आतून डोळे वटारले, तेव्हा मी तोंड भिंतीकडे केलं. मला रुसता येत नाही. मला वाटतं मी नापास झालेल्या पोरासारखा दिसत असणार.

"काय झालं जावईबापू?"

"मामा, सायकल एका अंगाला ओढते," मी भिंतीला सांगितलं. "इथल्या मिस्त्रीला जमत नाही. मला अशी नको. नीट करून द्या."

सासरे उठून सायकलीपाशी गेले, खाली बसले, पुढचं चाक उचलून फिरवलं. चाक सुतासारखं सरळ फिरलं. त्या सायकलीचा आरा न् आरा त्यांना माहीत होता.

"ओढत न्हाई," ते म्हणाले.

"ओढते."

त्यांनी मग सायकल नीट बघितली. पाठमोऱ्या पोपटांवर नजर गेली, सिंहावर गेली. वरच्या दांडीवरच्या स्टिकरवरून त्यांनी बोट फिरवत नेलं आणि अगदी खालच्या बारीक ओळीवर थांबवलं. मी मान वळवून ती ओळ वाचली. त्यांनी लावलेला कागद जुना होता, त्यावर खाली जुना जिल्हा छापलेला होता. हा ताजा होता. त्यावर स्वच्छ छापलं होतं : जि. लातूर. दिवसभर जिथं हाच एक शब्द बदलायचं काम चालतं तिथला मी कारकून, आणि तो मला दिसला नव्हता.

बायको आतल्या दारात आली होती. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मला वाटलं आता हे उठतील, थर्मास घेतील आणि जातील, आणि मी माझ्या बायकोचं माहेर तोडलं. त्यांनी चाक परत एकदा फिरवलं. ते पुरतं थांबेपर्यंत बघत राहिले.

"हाव," ते चाकाकडे बघतच म्हणाले. "जराशी ओढती खरी."

मी भिंतीकडे तोंड करून घेतलं. या वेळी मला खरंच गरज होती.

"दुरुस्तीला लई दिस लागतील," ते म्हणाले.

"लागू द्या मामा."

"सांगता येत न्हाई किती."

"मला घाई नाही," मी म्हणालो. "कचेरी जवळ आहे."

आम्ही तिघं एसटी स्टँडवर गेलो. सायकल मी धरली होती, थर्मास बायकोनं. वाटेत एकदा सासरे म्हणाले की गाय बरी आहे, दूध थोडं देते. गाडी लागली. मी आणि एका हमालानं सायकल वर चढवली. पंजे, पोपट, घटसर्प, सगळं टपावर आडवं झालं. खालून कंडक्टर तिकिटाचं पुस्तक हलवत ओरडला, "टपावरली सायकल कोनाची हाय?"

मी खाली उतरत होतो. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

"माझी हाय," ते म्हणाले. मग थर्मास लेकीच्याच हातात राहू देऊन ते स्वतः शिडीनं वर चढले आणि मी बांधलेली दोरी सोडून, त्यांच्या पद्धतीनं परत बांधून आले.